तयार मॉडेलला आपलं रान कसं शिकवायचं

जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीनं प्रश्न विचारलाय. सभासद कापूस, सोयाबीन आणि तूर घेतात. पिकावर काही दिसलं की फोटो काढून ग्रुपवर टाकतात, सोबत व्हॉइस मेसेज असतो. कंपनीतल्या दोन तरुणांनी एक नावाजलेलं तयार एआय मॉडेल लावून पाहिलं. ते छान भाषेत, ठामपणे आणि बऱ्याचदा चुकीचं उत्तर देतं. त्यांचं विचारणं असं: हे मॉडेल आमच्या पिकांसाठी फाइन-ट्यून करायचं, म्हणजे आमची उदाहरणं देऊन आणखी शिकवायचं, तर किती फोटो लागतील, कोणतं मॉडेल घ्यावं आणि मशीन किती मोठी घ्यावी?

गेली काही वर्षं परभणी, जालना आणि बीड भागात मी हेच काम करतोय. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण तुम्ही न विचारलेला चौथा प्रश्न आधी घ्यावा लागेल. मॉडेल सुधारलं हे तुम्ही कशावरून ठरवणार? शिकवणी सुरू करायच्या आधी परीक्षेचा पेपर तयार पाहिजे, आणि तो पेपर मॉडेलनं कधीही पाहिलेला नसावा. तुमचा निम्म्याहून जास्त वेळ याच कामात जाईल. जाऊ द्या, तो वाया जात नाही.

सोयाबीनपासून सुरुवात करू. ऑगस्टमध्ये फोटो येतो, खाली एकच ओळ असते: ‘सोयाबीन पिवळं पडायलंय, काय मारू?’ आता पिवळं पडायची कारणं बघा. चुनखडीच्या रानात पिकाला लोह मिळालं नाही की शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. नत्र कमी पडलं तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. पिवळा मोझॅक असेल तर पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे येतात. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. झड लागून रान चिबडलं तरी पीक पिवळं पडतं, पण ते सखल पट्ट्यात. प्रत्येकाचा इलाज वेगळा. आणि हातात आलेला फोटो असतो एका तोडलेल्या पानाचा, तळहातावर धरलेल्या. ते पान शेंड्याचं होतं की बुडाचं, हे त्या फोटोत नाहीच. जे फोटोत नाही ते जगातल्या सगळ्यात मोठ्या मॉडेललाही दिसणार नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती फोटो मागण्याच्या पद्धतीत करा. एक फोटो पूर्ण झाडाचा, एक पानाचा जवळून, एक पानाच्या खालच्या बाजूचा. सोबत एक प्रश्न: सगळ्या रानात आहे की एखाद्याच पट्ट्यात? एवढ्यानं जो फरक पडतो, तो मी कुठलंही मॉडेल बदलून पडलेला पाहिला नाही.

गुलाबी बोंडअळीचं काम याहून अवघड आहे. अळी बोंडाच्या आत असते आणि बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं. २०१७च्या खरिपात महाराष्ट्रभर या अळीनं जे नुकसान केलं, ते बऱ्याच जणांना बोंड फुटून किडकी, कवडी सरकी हातात आल्यावरच कळलं. तेव्हा बोंडाच्या फोटोवरून बोंडअळी ओळखणारं मॉडेल करू नका, ते होणार नाही. कामच बदला. कामगंध सापळा मादीच्या वासानं या अळीचे नर पतंग ओढतो. त्यात सलग ३ रात्री रोज ८ पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असं धरतात. सापळ्यातले पतंग मोजणं हे चित्र ओळखणाऱ्या मॉडेलला झेपणारं काम आहे. वाधवानी एआय या संस्थेनं कापसासाठी हीच वाट धरली होती. डोमकळी, म्हणजे अळीमुळं नीट न उमललेलं गुलाबाच्या कळीसारखं फूल, हीही बाहेरून दिसते, तिचा फोटो चालतो. सोयाबीनची खोडमाशी आणि तुरीचा मर हा झाड वाळवणारा रोग मात्र खोड चिरल्याशिवाय पक्की कळत नाही. तिथं मॉडेलनं एवढंच म्हणावं: ‘एक झाड उपटा, खोड उभं चिरा आणि आतला फोटो पाठवा.’ हेही उत्तरच आहे, आणि चांगलं उत्तर आहे.

आता फोटोंना नावं देण्याचं काम. लाल्याचं उदाहरण घ्या. कापसाची पानं लाल झाली की आपण सगळे ‘लाल्या’ म्हणतो. पण मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलं, बोंडं भरायच्या वेळी झाडावर ताण आला, रात्री एकदम थंड झाल्या, या सगळ्यांनी पान लाल होतं. तुडतुड्यांनी रस शोषला तरी पानाच्या कडा लाल होऊन मुरडतात. एका नोंदणाऱ्यानं हे सगळे फोटो ‘लाल्या’ या एका फोल्डरात टाकले आणि दुसऱ्यानं तुडतुडे वेगळे काढले, तर मॉडेल काय शिकणार? म्हणून प्रत्येक फोटोला दोन नावं द्या. एक, जे डोळ्यांना दिसतं ते: कडा लाल, शिरा हिरव्या, पान मुरडलेलं. दुसरं, माणसानं काढलेलं कारण. मॉडेलला आधी दिसणारं शिकवा. कारण ठरवताना मातीचा प्रकार, पिकाचं वय आणि पाऊस यांची जोड लागते.

नावं देणारी माणसं दोन असावीत आणि दोघांनी एकमेकांचं न बघता नोंद करावी. एखादा निवृत्त कृषी सहायक आणि एखादा गावातला जुना, जाणता शेतकरी ही माझी आवडती जोडी आहे. शंभर फोटोंवर दोघांचं एकमत किती वेळा होतं ते मोजा. ७५ वेळा होत असेल, तर ९५ टक्के बरोबर असलेलं मॉडेल आम्ही बनवलं असा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नका. जिथं माणसांचंच एकमत नाही तिथं बरोबर कशाला म्हणायचं, हेच ठरलेलं नसतं.

परीक्षेचा पेपर कसा फुटतो ते सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिच्यात एक अख्खा हंगाम गेला. आम्ही सगळे फोटो एकत्र पिसले आणि त्यातले काही परीक्षेसाठी बाजूला काढले. निकाल नव्वदीच्या पुढं. पुढच्या खरिपात दुसऱ्या गावात नेलं तर मॉडेल निम्मे फोटोही ओळखेना. शोधल्यावर दोन कारणं सापडली. एकाच झाडाचे चार-पाच फोटो असायचे. त्यातले काही शिकवणीत आणि काही परीक्षेत गेले होते, म्हणजे मॉडेलनं प्रश्न आधीच पाहिलेले होते. दुसरं कारण जास्त लपलेलं होतं. निरोगी झाडांचे बहुतेक फोटो ठिबकवरच्या प्रात्यक्षिक प्लॉटमधले होते आणि मागं काळी नळी दिसायची. रोगट झाडांचे फोटो कोरडवाहू रानातले. मॉडेल पानाकडं न बघता नळीकडं बघून ‘निरोगी’ म्हणत होतं.

हे तपासायची सोपी युक्ती आहे. फोटोतलं पान राखाडी चौकोनानं झाका आणि मॉडेलला पुन्हा विचारा. उत्तर तेच राहिलं आणि तितक्याच खात्रीनं आलं, तर त्यानं पान पाहिलेलंच नाही. निदान पन्नास फोटोंवर हे करून बघा.

ही केवळ आमची चूक नव्हे. प्लांटव्हिलेज हा पानांच्या फोटोंचा प्रसिद्ध संच आहे: १४ पिकं, २६ रोग, ५४,३०६ फोटो. २०१६च्या एका अभ्यासात त्यावर शिकवलेल्या मॉडेलनं त्याच संचातल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के बरोबर उत्तरं दिली. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. प्लांटव्हिलेजचे फोटो म्हणजे साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेलं एकेक सुटं पान. आपल्या काळ्या रानात, दुपारच्या उन्हात, घाईत काढलेल्या फोटोशी त्याचं नातं किती असणार? संशोधकांनी हा दुसरा आकडा लपवला नाही, याचं मला कौतुक वाटतं. तुम्हीही दोन्ही आकडे लिहून ठेवा.

म्हणून वाटणी फोटोंची करू नका, शेतांची करा. एका गट नंबरचे सगळे फोटो एकतर शिकवणीत, नाहीतर परीक्षेत. जमलं तर एक गाव पूर्णपणे परीक्षेसाठी राखा, आणि पुढच्या हंगामाचे फोटो वेगळा पेपर म्हणून ठेवा. किती फोटो लागतील याचं उत्तरही यातच आहे. चार शेतांतले चारशे फोटो हे चाळीस शेतांतल्या प्रत्येकी दहा फोटोंपुढं फिके पडतात. एकेका लक्षणाचे वेगवेगळ्या रानांतले, वेगवेगळ्या फोननं काढलेले दीडशे-दोनशे फोटो असतील तर कामाला लागा. कमी पडले तर परीक्षाच सांगेल कुठं कमी पडले.

आता मॉडेल आणि मशीन. तयार चित्र-मॉडेलं म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. २०२१मध्ये आलेलं क्लिप हे इंटरनेटवरच्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकलं. २०२३चं डायनो-व्ही२ कसलीही नावं न देता १४ कोटींहून जास्त चित्रांवर शिकलं. यांना डोमकळी माहीत नाही, पण कडा, पोत, डाग, मुरड हे सगळं दिसतं. म्हणजे नजर तयार आहे, नावं तेवढी शिकवायची आहेत. त्यामुळं आधी मॉडेलला हातच लावू नका. मॉडेल फोटोत जे बघतं ते आकड्यांच्या यादीत मांडतं. ते जसंच्या तसं ठेवून प्रत्येक फोटोचे हे आकडे काढून घ्या आणि त्यांवरून लक्षणाचं नाव ठरवणारं एक साधं वर्गीकरण बसवा. हे तुमच्या आजच्या लॅपटॉपवर एका दुपारात होतं. पुष्कळदा इथंच काम भागतं. नाही भागलं तरी पुढच्या प्रत्येक प्रयोगाला हरवायला एक आकडा मिळतो.

तेवढ्यानं भागलं नाही तर लोरा. ही २०२१ची पद्धत आहे आणि मला ती फार समाधानकारक वाटते, कारण तिच्यामुळं हे काम मोठ्या कंपन्यांच्या बाहेर आलं. मॉडेलच्या आत आकड्यांचे मोठमोठे चौकोनी तक्ते असतात. ४,०९६ ओळी आणि ४,०९६ स्तंभांच्या एका तक्त्यात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ आकडे होतात. लोरा तो तक्ता गोठवते आणि शेजारी दोन अरुंद तक्ते बसवते. रुंदी ८ धरली तर दोन्ही मिळून ६५,५३६ आकडे, म्हणजे मूळच्या २५६व्या हिश्श्याइतके. शिकवायचे ते एवढेच. शिकलेल्या या दोन तक्त्यांची लहानशी फाइल होते. कापसाची वेगळी, तुरीची वेगळी ठेवता येते आणि मूळ मॉडेल शाबूत राहतं. २०२३मध्ये क्यूलोरा या लोराच्याच पुढच्या रूपानं गोठवलेल्या भागातला प्रत्येक आकडा ४ बिटांच्या थोड्याशा जागेत आवळून ठेवला आणि ६,५०० कोटी आकड्यांचं भाषा-मॉडेल ४८ जीबीच्या एकाच जीपीयूवर, म्हणजे अशी गणितं वेगानं करणाऱ्या चिपवर, शिकवून दाखवलं. तुम्हाला एवढं मोठं लागणारच नाही. ७०० कोटींचं मॉडेल ४ बिटांत साडेतीन जीबीच्या आसपास बसतं. तेव्हा मशीन घेऊ नका. जीपीयू तासावर भाड्यानं मिळते. वाचलेले पैसे फोटोंना नावं देणाऱ्या त्या दोन माणसांना द्या.

भाषेच्या बाजूला वळू. इथं अडचण वेगळी आहे. शेतीचे शब्द दिसायला रोजचे, पण अर्थानं वेगळे. मावा म्हणजे मिठाईचा खवा नव्हे, रस शोषणारी कीड. लाल्या म्हणजे कुणाचं टोपणनाव नव्हे, मर म्हणजे शिवी नव्हे, पाते म्हणजे चाकूचं नव्हे, कापसाची कळी. मराठी प्रश्न आधी इंग्रजीत न्यायचा, तिथं उत्तर काढायचं आणि परत मराठीत आणायचं, अशी व्यवस्था केली की हे शब्द वाटेतच मरतात. ‘वाफसा आल्यावर फवारा’ यातला वाफसा, म्हणजे चिखलही नाही आणि कोरडही नाही अशी कामाजोगी ओल, इंग्रजीत एका शब्दात जात नाही. परत येताना ‘जमीन सुकल्यावर’ होऊन येतो, आणि सुकलेली जमीन म्हणजे वाफसा नव्हे. वाणांची नावं तर निव्वळ आकडे असतात. शेतकरी म्हणतो, ‘सातशे सव्वीस पेरलंय.’ म्हणजे फुले संगम, केडीएस ७२६. ‘सातशे अकरा’ म्हणजे बदनापूरच्या केंद्राची तूर, बीडीएन ७११. ‘तीन बॅगा सोयाबीन हाय’ हे क्षेत्र आहे, साधारण एकराला बियाण्याची एक बॅग या हिशेबानं. असे दोनशे-अडीचशे शब्द आणि प्रयोग एका वहीत लिहून काढा. ती यादी मॉडेलला प्रत्येक प्रश्नासोबत दिली तरी मोठा फरक पडतो, फाइन-ट्यूनिंग न करता.

मजकूर साफ करताना एक जागा जरूर बघा. ‘शेतकऱ्यांना’ यातला ऱ्य संगणकात तीन तऱ्हांनी लिहिला जातो: थेट ऱ या अक्षरानं, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात, मॉडेलला तीन वेगळे शब्द. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या प्रमाण रूपात आणल्या की एक होतात, तिसरी हातानं बदलावी लागते. आपल्या विषयात शेतकरी हाच शब्द सगळ्यात जास्त येणार, तेव्हा आधी हे उरका.

व्हॉइस मेसेजचं लिखाण करायला व्हिस्परसारखं मॉडेल घेता येतं. ते २०२२मध्ये ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकून आलं, पण त्यातला बहुतांश भाग इंग्रजी आहे. पुस्तकी मराठी बऱ्यापैकी कळते, आपली बोली अडखळते. ‘औषध फवारायलोय’ म्हणजे आत्ता फवारणी चालू आहे. मॉडेल ते सुधारून ‘औषध फवारायला’ लिहितं, आणि आपण समजतो की अजून फवारायचंय. पंप पाठीवर असलेल्या माणसाला आणि दुकानात उभ्या असलेल्या माणसाला एकच सल्ला कसा चालेल? म्हणून बोलीचा आवाज जसाच्या तसा लिहून घ्या. लिहिणाऱ्यानं तो शुद्ध करायचा नाही, ही ताकीद पहिल्या दिवशीच द्या. बायकांचे आवाज मुद्दाम मिळवा. निंदणी, वेचणी त्याच करतात, कीड बऱ्याचदा त्यांनाच आधी दिसते, पण ग्रुपवर आवाज पुरुषांचेच येतात. आवाज आणि फोटो वापरायची परवानगी प्रत्येकाकडून घ्या, आणि फोटोच्या फाइलमध्ये लपलेली ठिकाणाची नोंद, शेतं शिकवणीत आणि परीक्षेत वाटून झाली की, काढून टाका.

   

आता सगळ्यात गंभीर भाग. औषधाचं नाव आणि प्रमाण मॉडेलच्या आठवणीतून कधीही येऊ देऊ नका. फाइन-ट्यूनिंगनं बोलण्याची ढब, उत्तराचा साचा, शब्दांचे अर्थ चांगले बसतात. नेमके आकडे त्यात विश्वासानं बसत नाहीत. मॉडेल १० मिलीचे २० मिली करतं आणि त्याच ठाम सुरात सांगतं. आकडे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या छापील शिफारशींतून आणि औषधाच्या लेबल क्लेममधूनच, म्हणजे कोणत्या पिकाला, कोणत्या किडीला, किती वापरायचं याच्या मंजूर नोंदीतूनच, आले पाहिजेत. त्या शिफारशींचे तुकडे करून शोधता येतील असे साठवा. मॉडेलनं योग्य तुकडा शोधावा, तो सोप्या बोलीत सांगावा आणि तो कुठल्या वर्षीचा आहे तेही सांगावं. शिफारस बहुधा १० लिटर पाण्यासाठी असते आणि शेतकरी विचारतो, ‘पंपाला किती टाकू?’ पंप कुणाचा १५ लिटरचा, कुणाचा २० लिटरचा. हा गुणाकार मॉडेलकडून करून घेऊ नका. दोन ओळींचा साधा प्रोग्रॅम लिहा आणि पंप किती लिटरचा ते आधी विचारा. २०१७मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी दगावले. आपण ज्या माणसाला सल्ला देतोय त्याच्या नाकातोंडात ते औषध जाऊ शकतं, हे प्रत्येक उत्तर लिहिताना माझ्या मनात असतं.

त्यासाठी ‘सांगता येत नाही’ हे उत्तर मॉडेलमध्ये पहिल्यापासून ठेवा. खात्री एका पातळीच्या खाली गेली की प्रश्न माणसाकडं जावा. ती पातळी परीक्षेच्या फोटोंवरून ठरवा आणि चुकीच्या किमतीप्रमाणं वेगवेगळी ठेवा. लोहाची कमतरता समजून मोझॅक सुटला तर नुकसान मोठं. उलट चूक त्यामानानं स्वस्त. परीक्षेत कापसाचेच नव्हे तर तण, जनावर, धूसर पडलेला फोटो, शेजाऱ्याची मिरची असलंही थोडं घाला. त्या फोटोंवर मॉडेल गप्प बसायला शिकलं पाहिजे.

पेरणी झाली की २० शेतं ठरवा: काही ठिबकची, जास्त कोरडवाहू, निदान दोन चुनखडीची. त्यातली ६ आत्ताच वेगळी काढून कागदावर लिहा आणि त्यांचे फोटो शिकवणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर जाऊच देऊ नका. ते दुसऱ्याकडं राहू द्यात. पीक तीन आठवड्यांचं झाल्यापासून दर आठवड्याला त्याच झाडांचे तीन-तीन फोटो घ्या, पीक निरोगी असलं तरी. ज्या फोटोंवर तुमच्या दोन जाणकारांचं पटणार नाही ते टाकून देऊ नका. पोळ्यानंतर एक दिवस काढा, दोघांना त्या फोटोंसकट रानात न्या आणि तिथंच झाडापुढं उभं राहून त्यांना बोलू द्या. त्या दिवशीचं बोलणं रेकॉर्ड करा.